मामाची सौदी वेळ

आमच्या घरी येऊन ‘किती वाजले?’ असं विचारणारा माणूस नवखा तरी असतो, नाहीतर खोडसाळ. दिवाणखान्यातल्या फळीवर फ्लिप क्लॉक ओळीनं मांडलेली आहेत आणि वेळेबाबत त्यांच्यात एकमत नाही. आई गोळ्यांची वेळ मोबाइलवर बघते. बायको शेजारच्यांच्या कुकरवर विसंबते, आणि तो कुकर माझ्या कुठल्याही घड्याळापेक्षा वक्तशीर आहे हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं.

फ्लिप क्लॉकला काटे नसतात. आकडे छापलेली पानं एका नळकांड्याभोवती लावलेली असतात आणि दर मिनिटाला एक पान टप्‌कन खाली पडतं. विमानतळांवर नि स्टेशनांवर पूर्वी खडखडणारे फलक असत, त्यांच्याच घराण्यातलं हे. त्या घराण्याचं मूळ गाव इटलीत. तिथल्या पेझारिस नावाच्या डोंगरी खेड्यात 1725 पासून घड्याळं करणाऱ्या सोलारी मंडळींनी पुढे उदिने शहरातून हा पानांचा खेळ जगभर नेला. जीनो व्हाल्ले या वास्तुविशारदानं 1960च्या दशकात त्यांच्यासाठी काढलेलं ‘चिफ्रा 3’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. माझ्याकडे नाही. त्याची किंमत मी एकदा बायकोला रुपयांत सांगितली. तिनं ती जागच्या जागी सोन्याच्या ग्रॅममध्ये करून मला परत केली.

माझ्याकडे आहे ते मामाचं. मामा रत्नागिरीहून नोकरीसाठी जेद्दाला गेला आणि पहिल्या सुट्टीत अत्तर, ब्लँकेट आणि एक जपानी क्लॉक-रेडिओ घेऊन आला. भारतातला विजेचा दाब त्याला सोसणार नाही एवढं मामाला ठाऊक होतं, म्हणून त्यानं विटेएवढा ट्रान्सफॉर्मरही आणला होता. घड्याळ सुरू झालं, पानं पडायला लागली, गल्लीतली पोरं बघायला आली. आणि तासाभरात ते दहा मिनिटं मागे पडलं.

घड्याळाचा यात काही दोष नव्हता. खरं सांगायचं तर या घड्याळांत घड्याळ नसतंच. आत एक सिंक्रोनस मोटर असते. भिंतीतून येणारी वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तेवढं मोजायचं आणि त्या हिशेबानं चाकं फिरवायची, एवढंच तिला येतं. सौदीत ही वारंवारिता 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, हर्ट्झला तो हात लावू शकत नाही. म्हणजे जेद्दाचं घड्याळ रत्नागिरीत तासाला पन्नास मिनिटंच चालणार.

मामानं हार मानली नाही. सकाळी सहाला घड्याळ लावलं की रात्री नऊपर्यंत ते बरोब्बर अडीच तास मागे पडायचं, आणि सौदी आपल्यापेक्षा अडीच तासच मागे आहे. रात्री नऊला साडेसहाकडे बोट दाखवून मामा गंभीरपणे म्हणायचा, “जेद्दाची वेळ दाखवतंय.” लोक माना डोलवायचे. दहाला कुणी पुन्हा बघितलं असतं तर पंचाईत होती, पण तोवर गाव झोपलेलं असे. बंद घड्याळ दिवसातून दोनदा तरी बरोबर असतं. हे चालू घड्याळ तीन दिवसांतून एकदाच बरोबर यायचं, तेही सकाळ-संध्याकाळची अदलाबदल करून.

जपानी कारखानदारांना हे दुखणं घरचंच. 1895 साली तोक्योनं जर्मनीहून जनित्रं मागवली ती 50 हर्ट्झची, पुढच्या वर्षी ओसाकानं अमेरिकेहून घेतली ती 60ची. ते भांडण आजतागायत मिटलेलं नाही. म्हणून बऱ्याच जपानी घड्याळांच्या पाठीमागे 50-60ची खिटी असते. मामाच्या घड्याळाला नेमकी ती नाही.

बाकीची घड्याळं पुण्याच्या जुन्या बाजारातली. तिथली तपासणीची पद्धत मला फार आवडते. “चालतंय का?” विचारलं तर विक्रेता घड्याळ कानाशी नेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, “चालत नाही साहेब, पण बोलतंय.” बोलतंय म्हणजे कॉइल जिवंत आहे, मोटर गुणगुणते, फक्त आतलं वंगण थिजून मेणासारखं झालंय. मग रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, मोटरच्या सीलबंद डबीला बारीक भोक पाडायचं, बायकोचा हेअर ड्रायर तिला न विचारता आणायचा, आणि डबी ऊबदार झाली की इंजेक्शनच्या सिरिंजनं शिलाई मशीनचं तेल आत सोडायचं. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवावं लागतं. गच्चीत कुरडयांच्या शेजारी घड्याळाचा सांगाडा वाळत पडलेला बघून खालच्या काकू हल्ली विचारत नाहीत, फक्त त्यांच्या कुरडया थोड्या सरकवून घेतात.

पानं मात्र काढू नयेत. प्रत्येक पानाच्या पुढच्या बाजूला एका आकड्याचा वरचा अर्धा भाग असतो, मागच्या बाजूला पुढच्या आकड्याचा खालचा. क्रम चुकला की वर कोट, खाली लेंगा. माझ्या एका घड्याळात आधीच्या कुणा कारागिरानं असा घोळ घालून ठेवलाय. सोळा मिनिटांनंतर तिथे वरून 17 आणि खालून 42 असा आकडा येतो. तो कुठल्याच पाढ्यात नाही. मी तो दुरुस्त करणार नाही. पाहुणे तेवढ्यासाठी सतरा मिनिटं थांबतात.

आता माझी वेळ कुणाच्या हातात आहे बघा. 31 डिसेंबर 2013ला रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ठेका. केरळातल्या पंपानं नि पंजाबातल्या गिरणीनं मिळून फार ओढ लावली की ठेका मंदावतो आणि माझ्या फळीवरचं मिनिट किंचित लांबतं. वारंवारिता दिवसभर 49 राहिली तर घड्याळ दिवसाला जवळजवळ अर्धा तास खातं. हल्ली तसं होत नाही, नियमानं ती 49.90 ते 50.05 मध्ये ठेवायची असते.

करोनाच्या टाळेबंदीत, 5 एप्रिल 2020ला, पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं सगळ्या देशानं दिवे मालवले. मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटनी कोसळली, वारंवारिता 49.70 ते 50.26 मध्ये हेलकावली. सगळी सोसायटी गॅलरीत पणत्या घेऊन उभी, आणि मी आत अंधारात फळीसमोर, हातात स्टॉपवॉच. बाहेरून बायकोनं विचारलं, “काय झालं?” इतका मोठा देश हलला तरी हिशेबानं फरक तीन सेकंदांच्या आतला, आणि सेकंद माझी घड्याळं दाखवतच नाहीत. “काही नाही,” मी म्हटलं. “मग पणती धर,” ती म्हणाली.

खरी परीक्षा वीज जाते तेव्हा. घड्याळं जागच्या जागी थांबतात, आणि आली की मागच्या वेळेपासून निमूट पुढे चालू लागतात. यांना मागे फिरवता येत नाही, पानं मोडतात. पाच मिनिटं मागे न्यायचं तर पुढे पावणेबारा-बारा तास एकेक पान टपटप पाडत जायचं. परवा दुपारी वीज आली आणि मी पहिल्या घड्याळाची कळ फिरवायला बसलो. वाढलेलं ताट समोर ठेवत बायको म्हणाली, “आधी जेवून घे. तोवर मामाचं आपोआप बरोबर येईल.”