शुद्धता लेबलापुरती

घाटकोपर असो वा बोरिवली, मॉलच्या काउंटरवर टी ट्री ऑइलची बाटली ठरलेली. वर छापलेलं: ‘१०० टक्के शुद्ध, ९९.९ टक्के जंतुनाशक.’ कोणते जंतू, किती वेळात, किती तीव्रतेला, हे विचारायचं नाही. जंतूंनाही कुणी विचारलेलं नसतं.

टी ट्रीतलं टर्पिनेन-४-ऑल, लवंगतेलातलं युजेनॉल प्रयोगशाळेतल्या बशीत जीवाणू मारतं, हे खरं. पण अंधेरीच्या वन बीएचकेत डिफ्युझरमधून उडालेल्या चार थेंबांत तेवढी ताकद कुठली? दबतो तो शेजारच्या बोंबलांचा वास, तोही तात्पुरता. २०२० मध्ये कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या हुंगून आपण करोनालाही असाच दम दिला होता.

आता शुद्धता. अस्सल चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या घरात. शंभर रुपयांच्या बाटलीत चंदन असतं, पण लेबलवरच्या चित्रात.

तेव्हा, घ्यायचंच तर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि बॅच क्रमांक बघा, गडद काचेची बाटली घ्या, नुसतं तेल त्वचेला लावू नका, पोटात तर मुळीच घेऊ नका. सुगंधासाठी तेल, जंतूंसाठी साबण. साबण स्वस्तही आहे.