काशीत गुडघा वाकला

पन्नाशी उलटलेला मराठी माणूस काशीला निघाला की घरचे त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागतात. विम्याचे कागद कुठे ठेवलेत, हे 'सहज' म्हणून विचारून घेतात. प्रस्तुत लेखकाने जाहीर केलं की आपण पुण्य मिळवायला नव्हे, तर एका वेटरच्या मागावर जातो आहोत. त्यावर काळजी आणखीच वाढली आणि सोबतीला मावशीला धाडण्यात आलं. मावशीचं वय अडुसष्ट. ती आळंदीहून पंढरपूर दरवर्षी पायी करते. लेखक दूध आणायला स्कूटर काढतो.

वेटर म्हणजे राम बाबू. सोनभद्र जिल्ह्यातल्या बहुअरा गावचा, मजुराचा मुलगा. २०१२ चं लंडन ऑलिंपिक पाहून त्याने धावायचं मनावर घेतलं. सुरुवात थेट मॅरेथॉनपासून, मग दहा हजार, पाच हजार मीटर. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा प्रशिक्षकाच्या सल्ल्याने तो चालण्याच्या शर्यतीकडे वळला. सराव बनारसला करायचा तर पोटाचं काय, म्हणून तिथेच एका हॉटेलात थाळ्या वाहू लागला. रात्री उशिरापर्यंत टेबलं, पहाटे सराव. लोक वेटरशी कसे वागतात, हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. ते वाचताना लेखकाला 'ए, पाणी आण' असं आपण आजवर कुठे कुठे म्हटलं ते ओळीने आठवलं आणि त्याने फोन उपडा ठेवला.

फोन पुन्हा सुलटा केला तो भुसावळ गेल्यावर. टाळेबंदीत राम बाबू गावी परतला आणि वडिलांबरोबर मनरेगाच्या कामावर माती खणू लागला. २०२१ मध्ये पन्नास किलोमीटरच्या राष्ट्रीय स्पर्धेत रौप्यपदक. आणि नंतरचं प्रशिक्षण? पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये.

"हे घोरपडीला आहे ना?" मावशीने विचारलं.

"हो."

"म्हणजे आपल्या हडपसरहून रिक्षाने जाऊन आलो असतो."

ज्ञानगंगा एक्स्प्रेस परत फिरवता येत नाही.

उरलेल्या प्रवासात लेखकाने मावशीला या खेळाचे नियम समजावले. चालायचं, पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे. पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीराखाली सरळ उभा होईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. वाटेवर पंच उभे असतात आणि सगळा निवाडा ते नुसत्या डोळ्यांनी करतात. चूक होतेय असं वाटलं तर आधी पिवळी पाटी दाखवतात. तिच्यावर नागमोडी रेघ असेल तर पाय सुटतोय, कोन काढलेला असेल तर गुडघा वाकतोय. नंतर लाल कार्डं. तीन पंचांची तीन कार्डं झाली की पस्तीस किलोमीटरच्या शर्यतीत साडेतीन मिनिटं कडेच्या कोंडवाड्यात उभं राहायचं. चौथं पडलं की घरी. हे सगळं सांभाळत कंबर अशी हलते की पहिल्यांदा पाहणारा हसतोच. लेखकाने बोगीच्या वाटेत करून दाखवलं. समोरच्या बाकावरचं कुटुंब हसलं आणि चहावाला किटली उराशी धरून मागे सरला.

"दिंडी चुकलेला वारकरी," मावशी म्हणाली आणि चादर ओढून झोपली.

बनारस पाहिलं. सारनाथ शांत आहे, गंगा मोठी आहे, दशाश्वमेधावरची आरती उभ्याने पाहावी लागते. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधवलं, हे मावशीने रांगेतल्या पुढच्या-मागच्या अकरा जणांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती अनवाणी पंचक्रोशीला निघून गेली. साधारण ऐंशी किलोमीटर, पाच मुक्काम. जाताना तिने लेखकाला चपला सांभाळायला दिल्या.

आता लेखक मोकळा होता. राम बाबू ज्या गावात पहाटे चालला त्या गावात आपणही पहाटे एक, फक्त एक किलोमीटर नियमाने चालून बघायचं, असा बेत होता. पांढरा टी-शर्ट, पांढरी पँट, नवे बूट. मुक्काम ब्रह्माघाटाजवळ, जुन्या मराठी वस्तीत. घाटावरून सुरुवात केली आणि पहिल्याच पायरीला बाद झाला. पायरी उतरताना गुडघा सरळ ठेवून बघावं; माणूस शर्यतीतून जातो तसा कधी कधी पायऱ्यांवरूनही जातो. इथले घाट तर असे उभे आहेत की पुण्यवान माणसालाही कठडा धरावा लागतो.

म्हणून लेखक मागे वळला आणि चौखंभ्याच्या गल्लीतून चौकाकडे निघाला. फरसबंदी सपाट होती, पण गल्लीत बैल आडवा होता. बैलाने वाट दिली तर स्कूटर. स्कूटर गेली तर दह्याच्या कुल्हडांची चळत. "का गुरु, कहाँ?" असं एकाने प्रेमाने विचारलं; उत्तर द्यायला थांबावं लागलं. घड्याळात सात मिनिटं झाली होती आणि अंतर दोनशे मीटर. एवढ्यात मागून 'राम नाम सत्य है' ऐकू आलं, आणि बैल, स्कूटर, कुल्हडवाला सगळे भिंतीला चिकटले. बांबूची तिरडी, तिथल्या बोलीत टिकठी, झपाझप पुढे गेली. तिच्यामागे गल्ली रिकामी होती, सरळ आणि सपाट.

लेखकाला मोह झाला. हे कबूल करताना त्याला आजही बरं वाटत नाही, पण झाला.

तो मागे लागला. सरळ गुडघा, हलती कंबर, कोपरात वळलेले हात. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे प्रेत नेणारे जितके भरभर चालतात तितकं बनारसमध्ये दुसरं कोणी चालत नाही. बाकी शहराला कसलीच घाई नाही. पाचशे मीटर उत्तम गेले. मग मागून आलेल्या एका धोतरवाल्या गृहस्थाने पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कौन लगते थे आपके?"

लेखकाला हिंदी येतं. नेमकं तेव्हा आलं नाही. "हम... चल रहे थे," एवढंच तो म्हणाला. गृहस्थाने मान डोलावली, जणू ते अगदी पुरेसं उत्तर होतं.

आता थांबणं हा अपमान, पुढे जाणं ही फसवणूक. लाकडांच्या वखारी आल्या, माणसाएवढे तराजू आले, धूर आला. एक न्हावी लेखकाच्या डोक्याकडे बघून वस्तऱ्याचं पातं बदलू लागला. तेव्हा कुठे लक्षात आलं की या मंडळींत आपल्याला धरून सातच जण आहेत. जौनपूरच्या बाजूचे होते, रातोरात गाडी करून आलेले. पुढच्या खांदेकऱ्याचं पाऊल ओल्या दगडावरून सरकलं आणि धोतरवाल्याने लेखकाकडे नुसतं पाहिलं. लेखकाने खांदा दिला. बारा-पंधरा पावलं असतील. ओझं फार नव्हतं. म्हातारी बाई होती, वाळलेली. त्या पावलांत एक पाय नीट टेकल्याशिवाय कोणी दुसरा उचलला नाही.

नंतर मृत बाईच्या मुलाने सगळ्यांना चहा पाजला. लेखकालाही. "आप आये, अच्छा हुआ," तो म्हणाला.

त्या दिवशी पुन्हा चालणं झालं नाही. दुपारी एका खानावळीत बसून लेखकाने बुडापेस्टचा निकाल काढला. २४ ऑगस्ट २०२३, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, पुरुषांची पस्तीस किलोमीटर चाल. राम बाबूची ही पहिलीच जागतिक स्पर्धा. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने २ तास ३६ मिनिटं ३४ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. बनारसच्या गल्लीत बैल वाट अडवतो. तिथे हीरोज स्क्वेअरच्या भव्य चौकात वाट मोकळी, पण पंच टक लावून बघणारे, वळसा तोच तो, आणि बरोबर जगातले सगळ्यांत चांगले चालणारे. स्पेनचा अल्वारो मार्टिन २ तास २४ मिनिटं ३० सेकंदांत पोहोचला. राम बाबूला २ तास ३९ मिनिटं ७ सेकंद लागले. सत्ताविसावा. त्याच दिवशी महिलांची शर्यत जिंकणाऱ्या मारिया पेरेझची वेळ त्याच्याहून २७ सेकंदांनी कमी होती.

लेखकाने राम बाबूचा क्रमांक मित्रांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा तिकडून आलं: 'सत्ताविसावा? मग काय उपयोग!' हे लिहिणारा गृहस्थ लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावरून ऑफिसला सुट्टी कळवतो. राम बाबूच्या त्या वेळेचा हिशेब किलोमीटरला चार मिनिटं तेहतीस सेकंद असा पडतो. तोही पळत नव्हे, चालत, गुडघा न वाकवता, पस्तीस वेळा. पर्वतीभोवती सकाळी पळणाऱ्या बहुतेकांना या गतीने एक किलोमीटर पळता येत नाही. लेखक ग्रुपमधून बाहेर पडला.

सहा आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, हांगझोऊला आशियाई स्पर्धेत मिश्र सांघिक शर्यत होती. संघातल्या एका पुरुषाच्या आणि एका महिलेच्या पस्तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेळांची बेरीज करायची. राम बाबू २:४२:११, मंजू राणी ३:०९:०३. बेरीज ५:५१:१४. चीन पहिला, जपान दुसरा आणि ही जोडी तिसरी. चीनची वेळ तब्बल साडेचौतीस मिनिटांनी कमी होती, पण कांस्य ते कांस्य. भारताच्या त्या विक्रमी १०७ पदकांतलं ते एक.

मार्च २०२४ मध्ये स्लोव्हाकियातल्या डुडिन्स येथे त्याने वीस किलोमीटर बरोबर १ तास २० मिनिटांत चालून पॅरिस ऑलिंपिकचा निकष गाठला. निकष होता १:२०:१०. पण एका देशाचे तिघेच जाऊ शकतात आणि भारतात निकष गाठलेले चालणारे त्याहून जास्त होते. अक्षदीप सिंग, विकास सिंग आणि परमजीत बिश्त गेले. राम बाबू गेला नाही.

खानावळीतल्या पोराने थाळी आणून ठेवली. लेखकाने त्याला 'जरा पाणी देता का' असं विचारलं. त्याने मागे वळून पाहिलं की हे दुसऱ्या कोणाला म्हटलंय का.

पाचव्या मुक्कामाला, कपिलधारेला, लेखक मावशीच्या चपला घेऊन ऑटोने पोहोचला. ती आधीच येऊन, पाय धुऊन, एका बनारसी बाईला अहिल्याबाई सांगत बसली होती. लेखकाचे नवे बूट बघून तिने विचारलं, "तुझं किती झालं?"

"सातशे मीटर."

पुण्याला परतल्यावर लेखक रिक्षाने घोरपडीला गेला. लष्करी संस्थेत आत जायला आधी परवानगी लागते आणि ती त्याने काढलेली नव्हती. फाटकावरच्या जवानाने हे नीट समजावून सांगितलं. जाऊन-येऊन रिक्षाचे दोनशे दहा रुपये झाले.