कवींचे पदार्थविज्ञान आणि चाच्यांची सनद

अमेरिकेतील महाविद्यालयांचा असा एक उदात्त संकल्प आहे की, विद्यार्थी इतिहासाचा असो वा नाट्यशास्त्राचा, विज्ञान, गणित आणि क्वचित शरीरसंवर्धन यांचा किंचित संस्कार झाल्यावाचून पदवीचा दाखला त्याच्या हाती पडू नये. आणि या संकल्पपूर्तीसाठी रचलेल्या सौम्य पाठांपैकी भूगर्भशास्त्रास ‘मल्लांचे दगडधोंडे’ व पदार्थविज्ञानास ‘कवींचे पदार्थविज्ञान’ अशी टोपणनावे तेथे रूढ आहेत. रॉबर्ट मार्च या प्राध्यापकमहाशयांनी तर 1970 मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकास हे दुसरे नावच बहाल केले. गणित बेताचे ठेवले की पदार्थविज्ञान कवींस पचते, हे मान्य. परंतु छंद आणि अर्थ बेताचे ठेवून काव्य शास्त्रज्ञांस पाजावे, असा प्रस्ताव मात्र अद्याप ऐकिवात नाही. (काही नवकवींनी तो परभारे अमलात आणला असल्यास न कळे.)

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या दरबारी अशी सवलत नाही. तेथे कलनशास्त्र, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र सर्वांच्याच माथी असून, त्यांतून तरून निघालेल्यासही 100 यार्ड पोहून दाखवावे लागते, किंवा पोहण्याचा वर्ग तरी पुरा करावा लागतो. आणि धनुर्विद्या, तलवारबाजी, पिस्तुलाची नेमबाजी व शिडाच्या होडीचे नौकानयन हे चार व्यायामपाठ जो पुरे करील, त्यास ती संस्था तो समुद्रावरील चाचा झाल्याचे प्रमाणपत्र रीतसर अर्पण करते. पदवीधरास नेमके काय करता येते, याचा उलगडा पदवीच्या दाखल्यावरून सहसा होत नाही. या प्रमाणपत्रावरून तो निःसंदिग्धपणे होतो.