अर्ध्या तिकिटाचे लेखक

पनवेलच्या एसटी स्थानकात पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्धं तिकीट. मिसरूड फुटायच्या बेतातला चिरंजीव शेजारी उभा असतो आणि माउली कंडक्टरला ठणकावते, ‘अकरा पूर्ण, बारावं चालू!’ आता महिलांनाही अर्धंच तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडली की चकटफू. साहित्य अकादमी मात्र वयाला भुलत नाही. मोठ्यांसाठी लिहिलंत तर एक लाख रुपये, मुलांसाठी लिहिलंत तर पन्नास हजार. (तरुण लेखक आणि अनुवादक याच अर्ध्या बाकावर बसतात, तेव्हा सोबत तरी बरी आहे.) रत्नाकर मतकरींना २०१८ साली बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा ते ऐंशीला टेकले होते. आजच्या एसटीने त्यांना फुकट नेलं असतं, अकादमीने अर्ध्यावर भागवलं. भारत सासणे २०२२ मध्ये उदगीरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये ‘समशेर आणि भूतबंगला’साठी बालसाहित्याचे मानकरी. अध्यक्षपदाची खुर्ची उबवून झाल्यावरही अर्धं तिकीट काढणारा लेखक विरळा!

हिशेबामागचा समज उघड आहे. वाचक लहान, पुस्तक पातळ, अक्षर मोठं, मग मेहनतही निम्मीच असणार. पुन्हा अशा लेखकाला मुलाखतीत हटकून विचारणार, ‘तुमची प्रेरणा काय?’ उत्तरात आजीची गोधडी, अंगणातली चिऊताई आणि चांदोमामा आला की निवेदिका खूश.

साने गुरुजींना विचारलं असतं तर त्यांनी नाशिकच्या तुरुंगाकडे बोट दाखवलं असतं. ‘श्यामची आई’ तिथली, फेब्रुवारी १९३३ मधली, आणि बरीचशी पाच दिवसांत हातावेगळी केलेली. वि. कों. ओकांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ काढलं, वा. गो. आपट्यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’. मुलांचं मासिक चालवणाऱ्याची प्रेरणा म्हणजे महिनाअखेर आणि दारात उभा छापखान्याचा माणूस, असं माझं आपलं मत आहे. चिऊताई महिन्याच्या महिन्याला मजकूर देत नाही. भा. रा. भागवतांनीही ‘बालमित्र’ नावाचं मासिक चालवलं, ज्यूल व्हर्नला मराठी बोलायला लावलं आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकलवर बसवून पोरांच्या दोन पिढ्या वाचनाला लावल्या. आणि मतकरी? बालनाट्य लिहायचं, बसवायचं आणि सकाळी बँकेत कामावर हजर व्हायचं, असं त्यांनी १९७८ पर्यंत केलं. राक्षस आणि चेटकिणी लिहिणाऱ्याला बँकेत किती मालमसाला मिळाला असेल, हा प्रश्न मात्र त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

फेणेचं पुढे काय झालं बघा. २०१७ मध्ये तो सिनेमात आला, तेव्हा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसलेला होता. सिनेमा झकास होता, फेणे झालेला अमेय वाघही झकास. पण मुलांचा नायक थिएटरपर्यंत न्यायचा तर आधी त्याला बारावीपर्यंत पोचवावं लागलं. हाफ पॅंटीतल्या पोराच्या नावावर मल्टिप्लेक्सचं फुल तिकीट कोण काढणार?

पनवेलच्या फडके नाट्यगृहात मे महिन्यात बालनाट्य लागलं की पोरं चेटकिणीला बघून आईच्या पदरात तोंड खुपसतात आणि प्रयोग संपला की तिच्याचबरोबर फोटो काढायला रांग लावतात. रांगेतल्या बाबांना विचारा, ‘अलबत्या गलबत्या’ कुणाचं? ‘वैभव मांगलेचं!’ मांगल्यांची चेटकीण फर्मास, वादच नाही. पण मतकरींचं नाव एखाद्या आजोबांना आठवलं तर आठवलं. पूर्वी ही चेटकीण दिलीप प्रभावळकर करायचे, हेही तेच आजोबा सांगतात आणि नातू ‘चला ना’ म्हणून त्यांचा सदरा ओढतो.

तसा मुलांच्या लेखकाचा बाजार अगदीच थंड नाही, धीर तेवढा हवा. दापोलीच्या गाडीची वाट बघत कुठल्याही स्थानकावरचा पुस्तकांचा स्टॉल चाळा. तलाठी भरतीची गाइडं आणि ‘तीस दिवसांत इंग्रजी’ यांच्या मधे ‘श्यामची आई’ असतेच. साने गुरुजी गेले १९५० मध्ये. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०१० संपलं आणि पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं झालं. ज्याला छापखाना परवडला त्याने आई काढली. जाड आई, पातळ आई, रंगीत आई. गुरुजींनी हयातीत पैशाला हात लावला नाही आणि आता लावायला कुणी उरलं नाही, त्यामुळे किंमत कशी अगदी परवडणारी ठेवता येते.

जिवंत लेखकाचं काय करायचं, हे मात्र आमच्या पनवेलच्या एका शाळेला ठाऊक आहे. बालदिनाला एका लेखकांना बोलावलं. बोलायला दहा मिनिटं, ती बक्षीस समारंभ आणि अल्पोपाहार यांच्या मधली. ‘मुलांना मोबाइलबद्दल दोन शब्द सांगा,’ अशी सूचना आधीच आलेली. लेखकाने मोबाइल सोडून भुताची गोष्ट सांगितली, मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठी, पोरं चिडीचूप. गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारलं, ‘ते भूत आधी तुम्हाला सुचलं की त्याचं घर?’ मुलाखतकारांनी जन्मात विचारला नसता असा प्रश्न! लेखक उत्तर द्यायला पुढे सरकले, तोवर आभार प्रदर्शन सुरू झालं होतं.

मग शाल, श्रीफळ, गुलाबाचं एक फूल. मानधनाचा विषय कुणी काढला नाही. चहाचा कप हातात देताना ग्रंथपालबाई अदबीने म्हणाल्या, ‘सर, आपली पुस्तकं आणली असतीलच ना, शाळेला भेट द्यायला? दोन-दोन प्रती असतील तर बरं, दोन तुकड्या आहेत.’