साडेएकोणतीस बोटं

सुताराच्या वर्कशॉपात रंधा मशीनचा गार्ड शोधायचा असेल तर मशीनकडे बघू नये, भिंतीकडे बघावं. तो खिळ्याला टांगलेला असतो. खंडेनवमीला त्यालाही हळदीकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते, आणि पूजा आटोपली की मशीन उघड्या अंगानं पुन्हा कामाला लागतं. बेळगावात खानापूर रोडला, उद्यमबागेच्या आसपास, आणि इकडे आमच्या निपाणीत मी जी वर्कशॉपं पाहिली, तिथं देवाच्या फोटोला काच होती, मीटरला पेटी होती, मोबाईलला तर मागून-पुढून कव्हर. फिरत्या पात्यांवर मात्र काही नाही.

निवृत्तीनंतर मी गल्लीतल्या मेस्त्रींकडे जाऊन बसतो. बायको म्हणते, शिकायला. मेस्त्री म्हणतात, अडचण करायला.

"गार्ड कशाला काढला वो?"

"आडवा येतोय की सर."

आडवं येणं हेच त्याचं काम, असं मी म्हणालो. त्यावर मेस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं, की आडवं येणारं आणखी काय काय खिळ्याला टांगता येईल याचा ते विचार करत असावेत.

या मशीनला दोन टेबलं असतात. पलीकडचं पात्यांच्या बरोबरीला, अलीकडचं एखाददोन मिलिमीटर खाली, आणि मधल्या फटीत पात्यांचा रूळ. तीन पाती आणि मिनिटाला 5000 फेरे धरले, तर सेकंदाला 250 घाव. एवढ्या वेगात पाती दिसत नाहीत. रूळ उभाच आहे असं वाटतं. करवतीनं बोट तुटलं तर डॉक्टरांना जोडायला निदान तुकडा मिळतो. रंधा तुकडा ठेवत नाही. ढलप्यांत शोधत बसा. जुन्या मशीनचा रूळ चौकोनी असायचा, फट मोठी, हातच आत ओढला जायचा. रूळ गोल झाला, फट आवळली, आता बोटांवर भागतं. प्रगती म्हणतात ती हीच.

कायद्याचंही बोलून पाहिलं. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 21 होतं, फिरत्या भागांना कुंपण घाला म्हणून. पण त्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान दहा कामगार असं होतं. इथं मेस्त्री, त्यांचा भाचा आणि एक पोरगा. "माणसं तीन असली तरी बोटं तीस आहेत," मी म्हणालो.

"साडेएकोणतीस," मेस्त्रींनी दुरुस्ती केली.

सागवानाला राज्याची हद्द ओलांडायला पास लागतो. बोटाला रुळावरून जायला काही लागत नाही.

गार्डच निवडायचा म्हटलं तर घराणी दोन. अमेरिकन गार्ड मटणाच्या चापीच्या आकाराचा, स्प्रिंगवर फिरणारा. फळी ढकलली की बाजूला सरतो, फळी गेली की आपणहून जागेवर येतो. स्प्रिंग ढिली पडली तर उघडाच राहतो. फार आवळली तर फळी बाजूच्या उभ्या आधारावर, म्हणजे गाईडवर, दाबून धरतो आणि शेवटी खाडकन आदळतो. शिवाय गाईडच्या मागं रूळ उघडा पडतो, तिथं वेगळं झाकण लागतं. युरोपियन गार्ड म्हणजे रुळावर आडवी येणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी. फळीचा रुंद तोंडवळा रंधायचा असेल तर फळी पट्टीखालून जाते आणि हात वरून; मधली फट 10 मिलिमीटरच्या आत ठेवायची. कड मारायची असेल तर पट्टी टेबलाला टेकवून गाईडकडे सरकवायची, फळीपुरती वाट सोडायची. आखूड तुकड्याला हात लावायचा नाही, लाकडी ठोकळ्यानं ढकलायचं.

माझं मत पट्टीच्या बाजूनं. पण ती दर कामाला सोडून लावावी लागते, आणि आमच्या मेस्त्रींना चष्म्याची काडी सरळ करायचासुद्धा कंटाळा. अशा माणसाला आपणहून मिटणारा स्प्रिंगचा गार्डच बरा, असं मी ठरवून टाकलं होतं.

निकाल लावला तो माझ्या आत्यानं. आत्यानं जन्मभर विड्या वळल्या. ती आली होती पोळपाटाचा पाय बसवायला. मशीन सुरू होतं. ती थोडा वेळ बघत उभी राहिली, मग भाच्याला बटण बंद करायला लावलं.

"हेला झाकण न्हाई?"

"हाय की मावशी. भिंतीला हाय."

"माझ्या चुलीचं झाकण मी शेजारणीकडं ठेवू व्हय?" आत्या म्हणाली. "ह्या बोटांवर तीन पोरी उजवल्या मी. हात बघू तुझा."

मेस्त्रींनी हात मागं घेतला. कलम 21 समोर असा हात मागं घेतलेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी पट्टीच आली, स्प्रिंगवाला नाही. मी चकित. पट्टी मशीनवर चढली, आवळली, आणि भाच्यानं दोनदा फळी घालून बघितली. मग मशीन बंद झालं, पोरगा चहा घेऊन आला. मेस्त्रींनी आपला ग्लास त्या सपाट पट्टीवर नेमका मधोमध ठेवला. टपरीवाल्याचा ग्लास ठेवायला त्या वर्कशॉपात एवढी सरळ जागा आजवर नव्हती.

"आता ही काढणार नाही ना?" मी विचारलं.

"काढून? मग चहा कुठं ठेवू वो, सर?"