उसना कंदील

नर्सिंग होम तपासायला पथक आलं की आमच्यातले काही डॉक्टर काजूकतली काढतात. मी हेमलकसा काढतो. आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपली आहे असं कुणी म्हणालं, की मी खुर्चीत मागे रेलतो, खिडकीबाहेर दूरवर (म्हणजे समोरच्या बँकेच्या एटीएमकडे) पाहतो आणि म्हणतो, "प्रकाशभाऊंनी कंदिलाच्या उजेडात ऑपरेशनं केली हो!"

१९७३ साली बाबा आमट्यांनी भामरागडच्या जंगलात, हेमलकसाला, लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव प्रकाशभाऊ नि डॉक्टर सूनबाई मंदाताईंनी तो चालवला. त्यात माझा वाटा काय? मीही डॉक्टर आहे आणि मंदाताईंप्रमाणे माझी बायकोही भूल देते. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला त्या परंपरेत बसवून घेतलं होतं.

हाफपँटचं मात्र सविस्तर सांगायला हवं. तिथल्या माडिया आदिवासींच्या अंगावर पुरेसं कापड नाही हे पाहून प्रकाशभाऊंनी शहरी कपडे सोडले आणि पांढरी अर्धी विजार नि बनियन घातलं, ते कायमचं. त्यांच्यावरच्या सिनेमात नाना पाटेकरांनाही ते शोभलं. आपल्यालाही शोभेल, असं मला का वाटू नये? लक्ष्मी रोडवर दुकानदारानं आधी शाळेची चड्डी दाखवली, मग टेनिसची. टेनिसची घेतली. ती घालून ओपीडीत बसलो, तर पहिल्याच आजींनी विचारलं, "नळ झाला का दुरुस्त?" पाठोपाठ आलेले गृहस्थ "डॉक्टर आले की हाक मारा" म्हणून बाहेर जाऊन बसले. औषध कंपनीचा एमआर माझ्या अंगावरून सरळ आत गेला आणि रिकाम्या खुर्चीला नमस्कार करून परतला. बायको ओटीतून डोकावली, खाली पाहिलं आणि म्हणाली, "हे पाय भूल दिल्याशिवाय बघवत नाहीत." त्यागालाही पोटऱ्या लागतात, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. संध्याकाळी मी पुन्हा इस्त्रीच्या ॲप्रनमध्ये होतो. कंदील तेवढा ठेवला.

यंदा पथकात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझं कंदिलाचं भाषण त्यांनी मान खाली घालून, फॉर्म भरता भरता ऐकलं आणि विचारलं, "तिथे ॲडमिट करताना डिपॉझिट घेतात का हो, सर?"

मी पंखा वाढवायला सांगितला.

बाईंना पुरावाच द्यावा, म्हणून सुट्टी काढून हेमलकसाला गेलो. आलापल्ली मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं, तेव्हा स्वतःविषयीचा आदर पुन्हा वाटू लागला. पोचलो तर पक्का दवाखाना, ऑपरेशन थिएटर, विजेचे दिवे. पुढच्या पिढीचे डॉक्टर दिगंत आणि अनघा आमटे काम सांभाळणारे. पेशंटबरोबर आलेली घरची माणसं. कंदील काही दिसेना.

मी दर तपासणीला जो मिरवत होतो, तो ज्यांचा होता त्यांनी वीज आल्यावर खाली ठेवला होता. अस्वलानं फाडलेला चेहरा कंदिलात शिवला, कारण शिवणारं दुसरं कुणी नव्हतं आणि पावसाळ्यात नाले चढले की पेशंटला पुढे न्यायला वाटही नसे. माझ्या दवाखान्यासमोर बँक आहे, एटीएम आहे, आणि आगीची नळकांडी भरून देणारा कोपऱ्यावरच बसतो.

परतीच्या गाडीत भंडारा आठवला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. गोरगरिबांचा दवाखाना. त्यांच्यासाठी 'चालतंय' म्हणायला आपल्याला वेळ लागत नाही, आणि पुढारी बिघडलेल्या पोटासाठीही मुंबई गाठतात. या गोष्टीचा मला फार राग येतो. तेव्हा नळकांडं बघणाऱ्या त्या बाईंवरचा माझा राग गाडी चंद्रपूरला पोचेपर्यंत टिकला नाही. डिपॉझिटच्या प्रश्नाचा अजून आहे.

नळकांडं भरून घेतलं. नर्सिंग होमसाठीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दोन्ही भिंतीवर लावली, पथकाला दिसतील अशी. बायकोनं ती काढून पेशंटना दिसतील अशी लावली. तुमच्या डॉक्टरांकडे ती दिसली नाहीत, तर बेलाशक विचारा. आमच्याकडे आलात तरी विचारा. फक्त डिपॉझिट भरण्याआधी विचारा, नंतर कॅशियर ऐकत नाही.