अ‍ॅपला साजेसा विद्यार्थी

विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक अ‍ॅप कसे निवडावे, हा प्रश्न जळगाव-धुळ्यात उगाच अवघड समजला जातो. 2017 मध्ये ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक अ‍ॅप आले, बालभारतीच्या धड्यांवर क्यूआर कोड उमटले. आता फक्त फोन हवा. तो बापाच्या खिशात, बाप केळीच्या बागेत, आणि रात्री घरी येईतो चार्जिंग संपलेले. एवढी क्षुल्लक बाब सोडली, तर व्यवस्था निर्दोष आहे.

तेव्हा आमची नम्र सूचना: विद्यार्थ्याला साजेसे अ‍ॅप शोधत बसण्यापेक्षा अ‍ॅपला साजेसा विद्यार्थी निवडावा. त्याच्याकडे स्वतःचा फोन असावा, घर टॉवरजवळ असावे आणि त्याने अहिराणीत शंका विचारू नये. चोपडा-शिरपूरकडच्या सातपुड्यातली, घरी पावरी बोलणारी मुले ‘अपडेट प्रलंबित’ या रकान्यात सुरक्षित ठेवावीत. निकाल लगेच सुधारेल. शिक्षणाचे पुढे पाहू.

या निकषावर आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी लॉगिनच्या पायरीवरच बाद झाल्या असत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून नाव मात्र त्यांचेच आहे.